भिडूला डोळा मारायचा नाही!

हॉस्टेलचे लाइट गेलेत, किंवा ट्रेकच्या मुक्कामी पावसाने अडकवून ठेवलंय. कुणीतरी सॅकमधून पत्त्यांचा कॅट काढतं, चौघं मांडी घालून बसतात आणि मेंढीकोट सुरू होतो. पुढचं तुम्हाला माहीतच आहे. समोरचा भिडू उगाच डोकं खाजवतो, म्हणजे इस्पिकचा एक्का त्याच्याकडे. छातीवर हात गेला की बदाम. पकडले गेलात तर भांडण, सुटलात तर ‘आमचं ट्युनिंगच तसं आहे यार!’

आता असा खेळ डोळ्यांसमोर आणा, ज्यात भिडूला आपली पानं सांगायला नियमानेच एक अख्खी भाषा दिलेली आहे. अट एकच. भिडूला जे सांगाल, त्याचा अर्थ विरोधकांनाही समजायला हवा. लपूनछपून काही नाही. तरीही यात कोण जिंकतं? जो नीट बोलतो आणि त्याहून नीट ऐकतो, तो. या खेळाचं नाव कॉन्ट्रॅक्ट ब्रिज.

३८ शब्दांत काय काय सांगाल?

मांडणी मेंढीकोटासारखीच. चौघं, प्रत्येकी १३ पानं, समोरासमोर बसलेले भिडू. फरक असा, की इथे हुकूम कोणता हे बोली लावून ठरतं. पहिले सहा हात गृहीतच धरलेले असतात. म्हणजे ‘एक इस्पिक’ या बोलीचा अर्थ ‘इस्पिक हुकूम असेल तर आम्ही सात हात करू’. ‘चार इस्पिक’ म्हणजे दहा हात. किलवर, चौकट, बदाम, इस्पिक आणि नो ट्रम्प, म्हणजे बिनहुकमाचा डाव, अशा चढत्या क्रमाने पाच प्रकार आणि एक ते सात अशा सात पायऱ्या. झाल्या ३५ बोली. त्यात पास, डबल, रीडबल मिळवा. ३८ शब्द. संपली भाषा.

बावन्न पानांतून तेरा पानांचे ६३,५०१ कोटींहून जास्त वेगवेगळे संच निघू शकतात. तुमच्या हातात त्यातला कुठला आलाय, ते एवढ्या शब्दांत समजवायचं! आवाजाचा चढउतारही चालत नाही. वैतागून म्हटलेला ‘पाऽऽस’ आणि नुसता ‘पास’ यात भिडूला फरक कळला, तर ती चिटिंगच झाली. म्हणून स्पर्धांमध्ये तोंडाने बोलतच नाहीत. बोली छापलेली कार्डं टेबलावर ठेवतात.

‘एवढा खटाटोप कशाला? गप्प बसू, खेळताना मिळतील तेवढे हात घेऊ,’ असं वाटेल. पण १९२५ मध्ये अमेरिकेच्या हॅरॉल्ड व्हँडरबिल्टने पनामा कालव्यातून जाणाऱ्या बोटीवर खेळताना गुणांची जी पद्धत बसवली, तिने ही पळवाट बंद केली. मोठा बोनस हवा तर आधी तेवढी बोली लावायला हवी. साधं उदाहरण घ्या. ‘दोन इस्पिक’ बोलून दहा हात केलेत तर १७० गुण. ‘चार इस्पिक’ बोलून तेच दहा हात केलेत तर ४२०. पानं तीच, खेळ तोच. फरक फक्त आधी नीट बोलण्याचा. आणि दहा बोलून नऊच झाले, तर गुण विरोधकांना.

दोन किलवर म्हणजे किलवर नव्हे

म्हणून भिडू आपसांत बोलींचे अर्थ ठरवून ठेवतात. यांनाच कन्व्हेन्शन म्हणतात. सुरुवात पॉइंट मोजण्यापासून. एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १. सगळ्या कॅटमध्ये मिळून ४०. साधारण १२ पॉइंट असतील तर बोली उघडायची. १५ ते १७ पॉइंट आणि चारही रंग साधारण सारखे वाटलेले असतील तर ‘वन नो ट्रम्प’. दोघांचे मिळून २५-२६ होत असतील तर बोनसच्या पायरीपर्यंत, म्हणजे ‘गेम’पर्यंत जायचं.

समजा, तुम्ही ‘वन नो ट्रम्प’ म्हणालात आणि भिडू म्हणाला ‘दोन किलवर’. त्याच्याकडे किलवरची रांग लागलीय असं समजू नका. तो विचारतोय, ‘तुझ्याकडे बदामची किंवा इस्पिकची चार पानं आहेत का?’ असतील तर तो रंग बोला, नसतील तर ‘दोन चौकट’ म्हणा. हे स्टेमन कन्व्हेन्शन. जॉर्ज रापेची ही कल्पना, पण १९४५ मध्ये त्यावर लेख लिहिला त्याचा भिडू सॅम स्टेमनने, आणि नाव त्याचंच लागलं. (ग्रुप प्रोजेक्टचं प्रेझेंटेशन कोण देतं, हे किती महत्त्वाचं असतं बघा!) दुसरं गाजलेलं कन्व्हेन्शन ब्लॅकवूड. तेरापैकी बारा हात होतील असं वाटलं, की ‘चार नो ट्रम्प’ म्हणून भिडूचे एक्के विचारायचे. ‘पाच चौकट’ म्हणजे एक, ‘पाच बदाम’ म्हणजे दोन.

कोड आहे, पण उघडा

‘म्हणजे खुणाच की या! डोकं खाजवण्यात आणि यात फरक काय?’

फरक मोठा आहे. ब्रिजमध्ये गुप्त करार चालत नाही. तुमच्या ठरलेल्या अर्थांचं कार्ड विरोधकांना बघता येतं. वेगळ्या अर्थाची बोली आली की त्यांना सावध करावं लागतं आणि त्यांनी विचारलं तर अर्थही सांगावा लागतो. मोठ्या स्पर्धांत टेबलावर आडवा पडदा लावतात, म्हणजे भिडूचा चेहराच दिसत नाही. १९७५ च्या बर्म्युडा बोल या जागतिक स्पर्धेत तर इटलीच्या एका जोडीवर टेबलाखालून पायाला पाय लावल्याचा ठपका आला. मग टेबलाखालीही आडोसा आला!

उघड्या कोडची गंमत अशी, की विरोधकांची बोली तुमच्याशीही बोलत असते. कशी, ते एका डावात बघा.

गप्प बसलेल्याने काय सांगितलं?

तुम्ही दक्षिणेला आहात. तुमची पानं अशी :

इस्पिक – एक्का, राणी, सत्ती, चौकी
बदाम – नव्वी, छक्की
चौकट – राजा, दश्शी, पंजी
किलवर – एक्का, राणी, छक्की, दुर्री

पहिली बोली तुमच्या डावीकडच्या पश्चिमेची. तो पास म्हणतो. तुमचा भिडू पास, पूर्व पास. तुमच्याकडे १५ पॉइंट, म्हणून ‘वन नो ट्रम्प’. भिडू विचारतो ‘दोन किलवर’. तुम्ही म्हणता ‘दोन इस्पिक’. तो थेट ‘चार इस्पिक’. विरोधक मधे बोलतच नाहीत. कॉन्ट्रॅक्ट ठरलं. इस्पिक हुकूम, दहा हात तुम्हाला करायचेत. म्हणजे फक्त तीन गमावायची मुभा.

पश्चिम पहिली उतारी करतो आणि तुमचा भिडू आपली पानं टेबलावर उघडी मांडतो. तो आता डमी. त्याची पानं तुम्हीच खेळायची, त्याने गप्प बसायचं. त्याची पानं :

इस्पिक – राजा, गुलाम, अठ्ठी, दुर्री
बदाम – अठ्ठी, पंजी
चौकट – एक्का, गुलाम, तिर्री
किलवर – गुलाम, दश्शी, सत्ती, पंजी

पश्चिम बदामचा एक्का आणि राजा वाजवतो. दोन हात गेले. मग तो हुकूम खेळतो. तुम्ही तीन फेऱ्यांत विरोधकांचे पाचही हुकूम काढून घेता आणि डमीतून किलवरचा गुलाम सोडता. राजा पूर्वेकडे असेल तर फावलं. पण नाही. पश्चिमेकडून राजा पडतो. तिसरा हातही गेला. तो किलवरच परत खेळतो, तो तुम्ही घेता.

आता एकही हात द्यायचा नाही, आणि चौकटची राणी बाहेर आहे. तुमच्याकडे राजा-दश्शी, डमीत एक्का-गुलाम. राणी पश्चिमेकडे असेल तर तुमच्या हातातून चौकट खेळून डमीचा गुलाम लावायचा. पूर्वेकडे असेल तर डमीतून खेळून हातातली दश्शी लावायची. दोन्ही बाजूंनी पकडता येते, पण बाजू कोणती? नाणं उडवायचं?

थांबा. बोली आठवा. पश्चिमेने आतापर्यंत काय दाखवलं? बदामचा एक्का ४, राजा ३, किलवरचा राजा ३. झाले १०. चौकटची राणीही त्याच्याकडे असती तर १२ झाले असते. मग पहिल्याच संधीला त्याने बोली उघडली असती. तो तर पास म्हणाला होता!

म्हणजे राणी पूर्वेकडे. तुम्ही किलवर खेळून डमीत जाता आणि चौकटची तिर्री काढता. पूर्व छोटं पान टाकतो. तुम्ही राजा न लावता दश्शी लावता, मेंढीकोटात जिला आपण मेंढी म्हणतो, तीच. पश्चिमेकडे राणी नाहीच. हात तुमचा. मग राजा, मग एक्का. दहा हात पुरे.

शंभर टक्के खात्री होती का? नाही. एखादा घाबरट खेळाडू १२ पॉइंट घेऊनही गप्प बसू शकतो. पण तसं केलं तर तो तुमच्याआधी स्वतःच्याच भिडूला फसवतो. जी जोडी एकमेकांशी खरं बोलत नाही, तिला बरोबर कॉन्ट्रॅक्टपर्यंत पोहोचताच येत नाही. म्हणून थोडं आपलंही ऐकलं जाईल, हे पत्करून खरं बोलावं लागतं.

‘तुला काय कळलं?’

डाव बुडाला की काय होतं? ‘काय खेळलास रे!’ पत्त्यांवरून तुटलेल्या दोस्त्या प्रत्येक कट्ट्यावर सापडतील. ब्रिजमध्ये हा धोका जास्त, कारण इथे चूक बहुतेक वेळा पानात नसते, दोघांच्या समजुतीत असते. तुम्ही प्रश्न विचारला होता, भिडूला ते उत्तर वाटलं. डाव संपल्यावर ‘असं का केलंस?’ऐवजी ‘माझ्या बोलीवरून तुला काय कळलं?’ हे विचारायला शिकणारी जोडी टिकते. आणि हे काही फक्त पत्त्यांपुरतं नाही, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. लॅब पार्टनर असो, रूममेट असो, ‘मला वाटलं तुला माहितीय’ या वाक्याने किती घोळ घातलेत, आठवून बघा.

२०१८ मध्ये जकार्ताच्या एशियाडमध्ये ब्रिज पहिल्यांदा आला, तेव्हा पुरुष जोडीचं सुवर्णपदक प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार या भारतीय जोडीने आणलं. वयं ६० आणि ५६! २०२३ मध्ये हांगझोऊला झालेल्या एशियाडमध्ये आपल्या पुरुष संघाला रौप्य मिळालं. साठीत सुवर्ण मिळवता येतं, याचा अर्थ साठीपर्यंत थांबायचं असा नाही. उलट हाताशी चाळीस वर्षांचा सराव आहे, असा घ्या.

सुरुवात सोपी आहे. मेंढीकोटवाले चौघं तसेच बसा. पहिले काही दिवस बोली नकोच. फक्त आपापले पॉइंट मोठ्याने सांगा, ज्या जोडीचे जास्त तिने डमी उघडून खेळायचं. याला मिनिब्रिज म्हणतात. हात जमला की ‘वन नो ट्रम्प’ आणि स्टेमन आणा. चौथा मेंबर नसेल तर मोबाइलवर ब्रिज बेस ऑनलाइन आहे. आणि घरात, सोसायटीत किंवा जवळच्या जिमखान्यात एखादे ब्रिज खेळणारे काका-आजोबा असतील, तर त्यांच्याजवळ जाऊन नुसतं म्हणा, ‘शिकवता का?’

फक्त टेबलावर बसल्यावर डोकं खाजवू नका. खाज सुटली तरी!