रोडगे, हंडी आणि मसाला पापड

दिवाळीच्या फराळाचे डबे रिकामे व्हायला लागले की वऱ्हाडात घराबाहेर जेवायचा हंगाम सुरू होतो. उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर गेला की अकोल्यात दुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल पाय धरून ठेवतो. मोकळेपणानं हिंडावं, उघड्यावर बसून जेवावं असे महिने म्हणजे कार्तिक ते माघ. कार्तिक शुद्ध नवमीच्या सुमारास आवळीभोजन, मग वावरातला हुरडा, मग बहिरमची यात्रा, मग शेगावचा प्रकटदिन. या यादीत हॉटेल फार उशिरा आलं. त्याआधी वऱ्हाडी कुटुंब बाहेर जेवायला निघालं म्हणजे चूल, पीठ, तूप, पोरंसोरं असं सगळं घर बैलगाडीत घालून निघायचं.

या बाहेरच्या जेवणाचा राजा रोडगा. नवस फेडायचा असो, नवी मोटरसायकल घेतलेली असो, नाहीतर पुण्याहून लेक-जावई आलेले असोत, ‘रोडग्याचा सैपाक’ ठरतो. जागा बहुधा गावाबाहेरच्या मारुतीची, महादेवाची किंवा स्वतःच्या वावरातल्या विहिरीजवळची. गव्हाचं जाडसर पीठ तेलाचं मोहन आणि मीठ घालून घट्ट मळायचं. लहान पोळ्या लाटायच्या, मध्ये तेलाचा हात फिरवायचा आणि एकीत एक गुंडाळून मुठीत मावेल असा गोळा करायचा. तिकडे गोवऱ्यांचा ढीग पेटलेला असतो. जाळ असताना त्यात काही टाकायचं नाही. जाळ बसून लाल आर पडला की गोळे आत सोडायचे आणि वरून गरम राख ओढायची. इथं घाई केली तर वरून कोळसा, आतून कच्चं पीठ. जाणता माणूस लांब काडीनं एकेक रोडगा फिरवत बसतो आणि त्याला मध्ये कुणी शिकवलेलं चालत नाही. भाजलेले रोडगे गोणपाटात घालून दोघांनी दोन टोकं धरून हलवले की राख झडते. मग हातानं फोडायचा, आतल्या पदरांची वाफ निघून जायच्या आत त्यावर तूप सोडायचं आणि तुरीचं वरण, वांग्याची झणझणीत भाजी यांच्यासोबत खायचा. पळसाच्या पानांत भाजले तर त्याच जातीचे पानगे. माळव्यातली बाटी आणि बिहारची लिट्टी ही रोडग्याची सख्खी भावंडं, पण पदर सुटलेला रोडगा त्यांच्यात उजवा, असं माझं मत आहे आणि ते निःपक्ष अजिबात नाही.

रोडगे भाजायचं काम बहुतेक ठिकाणी पुरुषांकडे असतं. एरवी ज्याला घरात चहाची साखर कुठं ठेवली आहे ते माहीत नाही, असा काका त्या दिवशी धोतर किंवा पँट खोचून आरापुढं बसतो आणि त्याचं कौतुक वर्षभर चालतं. मात्र त्याच्या हाताशी आलेलं पीठ कुणी चाळलं, वांगी कुणी निवडली, मसाला कुणी वाटला आणि परत गेल्यावर राखेनं माखलेली भांडी कुणी घासली, हे कुणी विचारत नाही.

पुरुषांच्या या स्वयंपाकाचा मोठा सोहळा पाहायचा तर बहिरमला जावं. परतवाड्याहून बैतूलकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सातपुड्याच्या पायथ्याशी, चांदूर बाजार तालुक्यात हे ठिकाण आहे. डिसेंबरच्या २० तारखेच्या आसपास यात्रा भरते आणि पुढं महिनाभराहून जास्त चालते. बहिरमबुवाला लोणी आणि शेंदूर चढतो. पण यात्रेचं खरं नाव झालं आहे ते हंडीतल्या मटणामुळं. मातीची हंडी तिथंच विकत घ्यायची, दगडांची चूल मांडायची, लाकडं पेटवायची. माती सावकाश तापते, म्हणून मटणही सावकाश शिजतं. वर लाल तर्री येईपर्यंत राहुटीतली माणसं पत्ते खेळतात, जुनी भांडणं मिटवतात, क्वचित नवीन काढतात. सोयरीक जुळवायलाही ही जागा बरी, कारण मंडळी निवांत असते आणि पोट भरायच्या बेतात असते. घरात माळकरी असतील तर पलीकडच्या चुलीवर त्यांचे वरण-रोडगे वेगळे. संध्याकाळी थंडी सातपुड्यावरून खाली उतरते आणि सगळं मैदान धुरानं भरून जातं. अमरावतीकर नोकरदार आता सकाळी कार काढून जातात आणि रात्री घरी येतात. राहुटी टाकून मुक्काम करणारी कुटुंबं कमी होत चालली आहेत. एका दिवसात हंडी खाऊन होते, सोयरीक जुळत नाही.

अकोल्याच्या माणसाची ठरलेली सहल म्हणजे शेगाव. जिल्हा बुलढाणा, पण अकोल्याहून रेल्वेनं तासाभराच्या आत. गजानन महाराज २३ फेब्रुवारी १८७८ रोजी शेगावात प्रथम दिसले ते बाहेर टाकलेल्या उष्ट्या पत्रावळींवरची शितं वेचून खाताना, अशी भक्तांची श्रद्धा आहे. ज्या संतचरित्राची सुरुवातच अन्नापासून होते, त्याच्या दारी माणसं जेवून परततात यात नवल नाही. दर्शनाची रांग, मग महाप्रसाद, मग स्टेशनवर कचोरी, असा क्रम. महाप्रसादाला पोटभर जेवलेला माणूस तासाभरात चार कचोऱ्या कशा काय खातो, हा प्रश्न वऱ्हाडात विचारत नाहीत.

ही कचोरी आकारानं लहान, सारणाला तिखट आणि सोबत तळलेली हिरवी मिरची. ती सुरू केली तीरथराम शर्मा यांनी, आणि ते फाळणीनंतर पंजाबातून इकडे आलेले. मुंबई-नागपूर-हावडा या लोहमार्गावर गाडी थांबली की खिडकीतून कचोरीचा पुडा आत यायचा आणि त्याचं नाव देशभर व्हायचं. फाळणीनं वऱ्हाडाच्या ताटात आणखी एक भर घातली, ती जरा आडवळणानं. पेशावरहून दिल्लीला आलेल्या कुंदनलाल गुजराल यांच्या ‘मोती महल’सारख्या हॉटेलांनी तंदूर, लोणी-टोमॅटोची ग्रेव्ही आणि पनीर देशभर नेलं. ट्रकवाल्यांच्या ढाब्यांनी तेच हायवेवर आणलं. अमरावतीच्या राजापेठेत काय किंवा अकोल्याच्या नेहरू पार्क चौकाजवळ काय, घरची मंडळी घेऊन बसलात की मेन्यूकार्डावर आजही त्याच ग्रेव्हीचं राज्य दिसतं. पाटोडीचा रस्सा, गोळाभात, कोहळ्याची भाजी शोधावी लागते. वेटरनं पाणी ठेवायच्या आत घरातलं सगळ्यांत लहान कार्टं ‘मसाला पापड’ म्हणून मोकळं होतं.

हॉटेलात कुटुंबानं जाऊन बसणं ही दोन-तीन पिढ्यांपूर्वी साधी गोष्ट नव्हती. हॉटेल म्हणजे पुरुषांनी चहा पीत पेपर वाचायची जागा, आणि खानावळ म्हणजे शिकायला आलेल्या पोरांची आणि एकट्या नोकरदारांची सोय. घरंदाज बाई तिथं जेवते हे कळलं तर गावात चर्चा व्हायची, आणि कुणी शिवलेलं, कुणी वाढलेलं खायचं यावर जातीचा पहारा होता. मग ‘फॅमिली रूम’ आली. लाकडी फळ्यांचं पार्टिशन, दाराला कळकट अर्धा पडदा, आत चार खुर्च्या आणि भिंतीवर न चालणारा पंखा. सासू, सून, नणंद त्या पडद्याआड बसून डोसा खायच्या. आज तो पडदा हास्यास्पद वाटतो, पण बायकांना हॉटेलच्या उंबऱ्याच्या आत त्यानंच आणलं.

खाऊगल्ल्यांना असली काही अडचण नव्हती. अमरावतीत गिल्या वड्याच्या गाडीवर कोण कुणाच्या शेजारी उभं आहे हे कुणी पाहत नाही. वड्यावर पातळ दही आणि चटण्या ओतलेली प्लेट घेतली की लक्ष फक्त ती शर्टावर सांडू नये याकडे. अंबादेवीचं दर्शन, मग गिला वडा, असा संध्याकाळचा कार्यक्रम असायचा. खर्च कमी, आणि घरी येऊन स्वयंपाक करावा लागायचाच. म्हणजे नवऱ्याची मजा पूर्ण आणि बायकोची अर्धी.

पावसाळ्यात मात्र सगळी अमरावती चिखलदऱ्याला धावते. उंची सुमारे ११०० मीटर, महाराष्ट्रात कॉफी पिकणारं हेच ठिकाण, आणि भीमानं कीचकाला मारून दरीत टाकलं अशी कथा. देवी पॉइंट, पंचबोल, गाविलगड हे सगळं धुक्यात अंदाजानं पाहायचं. दिसते आणि चवीला लागते ती रबडी. मेळघाटातले गवळी म्हशी पाळतात, दूध आटवून खवा करतात, आणि त्याच दुधाची रबडी. ऑगस्टच्या रविवारी घाटात गाड्या अशा अडकतात, की कित्येकांचं जेवण डिकीत आणलेल्या धपाट्यांवरच होतं. माझ्या मते ते तिथल्या हॉटेलांपेक्षा बरंच असतं.

अलीकडे बाहेर जेवण्याची सवय खरी बदलली ती रस्त्यानं. अमरावती-अकोला हा रस्ता वर्षानुवर्षं खड्ड्यांसाठी बदनाम होता. ३ ते ७ जून २०२२ या दिवसांत राष्ट्रीय महामार्ग ५३ च्या याच टप्प्यावर ७५ किलोमीटरचा सलग डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला आणि गिनीज बुकात त्याची नोंद झाली. ज्या रस्त्यावर पोटातलं पाणी हलायचं, त्यावरून आता लोक केवळ जेवायला म्हणून निघतात. काठाला ‘गावरान’ची पाटी लावलेले ढाबे उभे राहिले आहेत. तिथं खाटा आहेत, चूल आहे, ठेचा आहे, वांग्याचं भरीत आहे, ज्वारीची भाकर आहे. रोडगे खायचे तर आदल्या दिवशी फोन करावा लागतो, कारण गोवऱ्यांचा आर ऑर्डर दिल्यावर वीस मिनिटांत पडत नाही. एक पिढी पनीर खाण्यासाठी घराबाहेर पडली, पुढची भाकर खाण्यासाठी पडते आहे. त्या भाकरीला पैसेही पनीरइतकेच मोजते.

मला यात चवीपेक्षा मोठी वाटते ती बसण्याची गोष्ट. वनभोजन असो की पंगत, घरातली बाई शेवटी जेवायची, तेही उभ्यानं, आणि गारढोण. हॉटेलच्या टेबलावर तिचं ताट बाकीच्यांबरोबर येतं आणि तिची रोटीही गरम असते. सवय मात्र लवकर जात नाही. ‘माय, तू काय घेशील वं?’ असं विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘मले काय लागते बाप्पा? तुमचं उरलं त घेतो मी.’ अशा वेळी पोरांनी तिच्यासाठी परस्पर ऑर्डर देऊ नये. कार्ड तिच्या हातात द्यावं आणि वेटरला थांबवून धरावं. दोन-तीन वेळा हे झालं की ती बरोबर काजूकरी मागवते.

जेवण आटोपलं की काउंटरपाशी झोंबाझोंबी सुरू होते. साध्या रेस्टॉरंटच्या बिलावर नोव्हेंबर २०१७ पासून ५ टक्के जीएसटी लागतो. सर्व्हिस चार्ज आपोआप लावता येत नाही, असं ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्ये बजावलेलं आहे. पण ते बिल वाचायला कुणाला सवड असते? साळ्यानं जावयाचं मनगट धरलेलं असतं. ‘तुमी पैसे देसान त मंग येऊच नोका आमच्या घरी!’ जावई दुसऱ्या हातानं मोबाइल पुढं करतो, साळा क्यूआर कोडवर पंजा ठेवतो. काउंटरवरचा माणूस दोघांकडेही न पाहता बडीशेपेची वाटी पुढं सरकवतो आणि तेवढ्यात मागून सासूबाईंनी नोटा काढलेल्या असतात.