बाण उडतो कसा आणि फुटतो कसा

सांगलीहून तासगावला जाताना वाटेत कवठे एकंद हे गाव लागते. दसऱ्याच्या रात्री तेथे सिद्धराज महाराजांची पालखी निघते आणि तिच्यापुढे रात्रभर शोभेच्या दारूचे काम चालते. औट, शिंगटे, झाडे असे नाना प्रकार असतात. लहानपणी आम्ही मिरजेची मुले ते पाहायला एस.टी.ने जात असू आणि परत येताना सर्वांच्या डोक्यात एकच विचार असे : आपणही एक बाण करायचा!

मी नववीत असताना आमच्या वाड्यातील एका मोठ्या मुलाने तो खरोखरच केला. नळी, दारू, वात, बांबूची कामटी, सगळे काही जागच्या जागी होते. पण वात पेटवल्यावर बाण वर गेलाच नाही, बाटलीतच फुटला. त्या मुलाच्या उजव्या हाताची दोन बोटे आजही सरळ होत नाहीत. पुढे पदार्थविज्ञान शिकू लागलो तेव्हा उलगडा झाला, की त्या दिवशी त्याचे चुकले होते ते फार थोडे. ते काय, हे समजण्यासाठी आधी बाण उडतो कसा ते पाहू.

पुष्कळांना वाटते, की बाणातून निघणारा वायू खालच्या हवेला ढकलतो आणि म्हणून बाण वर जातो. तसे असते तर निर्वात अवकाशात अग्निबाण चाललेच नसते. बाण ढकलतो तो स्वतःच्या पोटातल्या वायूला. वायू खाली जातो, बाण वर. हा न्यूटनचा तिसरा नियम होय. दारूत कोळसा व गंधक हे जळणारे पदार्थ असतात, आणि त्यांना लागणारा ऑक्सिजन सोरा पुरवतो. बाहेरच्या हवेची गरज नसल्यामुळे ही दारू बंद नळीतही जळते. जळून जे तयार होते त्याचा वजनाने निम्म्याहून अधिक भाग घन कणांचा असतो. दिवाळीत डोळे झोंबवणारा पांढरा धूर म्हणजे हेच कण.

आता थोडे गणित करू. चांगल्या बाणातून वायू सेकंदाला सुमारे ७०० मीटर वेगाने बाहेर पडतो असे धरा. १० ग्रॅम दारू अर्ध्या सेकंदात जळली, तर सेकंदाला ०.०२ किलोग्रॅम या दराने वस्तुमान बाहेर पडले. त्याला ७०० ने गुणले की १४ न्यूटन इतका रेटा मिळतो. म्हणजे सुमारे १.४ किलोच्या वजनाएवढा! कामटीसकट बाणाचे वजन १०० ग्रॅम असले, तर तो सुसाट का सुटतो हे सांगायला नको. कामटीचे काम निराळे आहे. बाणाचे तोंड जरा कलले की शेपटाकडच्या लांब कामटीवर हवा बाजूने दाबते आणि त्याला पुन्हा सरळ करते. कामटी मोडलेला बाण शेजाऱ्याच्या माडीत शिरतो तो यामुळेच.

खरी गोम आहे ती 'अर्ध्या सेकंदात' या शब्दांत. दारू किती वेळात जळावी हे कोण ठरवते? ठासलेली दारू एकदम पेटत नाही; ती पृष्ठभागावरून थराथराने आत जळत जाते. लाकडाचा ओंडका तासन् तास जळतो, पण त्याचाच भुसा करून उधळला तर भडका उडतो, कारण पृष्ठफळ वाढते. जितका पृष्ठभाग पेटलेला, तितका वायू अधिक. बाणाच्या दारूत मध्यभागी पोकळी ठेवतात ती याचसाठी, की सुरुवातीलाच पुरेसा पृष्ठभाग पेटावा.

समजा, ठासलेल्या दारूत केसाएवढी भेग राहिली. ज्योत भेगेत शिरते. पेटलेला पृष्ठभाग क्षणात कितीतरी पटींनी वाढतो. वायू इतका निर्माण होतो, की खालच्या तोंडातून तो बाहेर पडू शकत नाही, म्हणून आतला दाब चढतो. आणि येथे निसर्ग आपल्यावर दया करीत नाही, कारण दाब वाढला की ही दारू अधिक वेगाने जळते. जास्त दाब, जास्त वेग, जास्त वायू, पुन्हा जास्त दाब! कुकरची शिट्टी तुंबली आणि त्याच वेळी खालची आच आपोआप वाढत गेली, अशी कल्पना करा. शेवटी नळी फाटते. आमच्या वाड्यातला बाण असाच फुटला असावा. भेग बाहेरून दिसत नाही, आणि ती होती की नव्हती हे वात पेटवल्यावरच कळते.

नळी मजबूत केली तर? हा प्रश्न जुना आहे. टिपू सुलतानाच्या सैन्यातील बाणांच्या नळ्या लोखंडी होत्या. लोखंडाला जास्त दाब सोसत असल्याने ते बाण दूर जात. तासगावचे परशुरामभाऊ पटवर्धन १७९० ते १७९२ या काळात टिपूविरुद्ध लढले. तेव्हा आपल्या भागातल्या शिपायांनीही हे बाण अनुभवले. पुढे इंग्रजांनी ते अभ्यासासाठी मायदेशी नेले आणि काँग्रीव्हने त्यांवरून आपले बाण बनवले. २०१८ साली शिवमोग्गा जिल्ह्यात एका जुन्या विहिरीत असे हजाराहून अधिक बाण सापडले. परंतु लोखंडी नळी फुटली तर तिचे तुकडे गोळीसारखे उडतात. तो लढाईचा माल होता, घरच्या अंगणातला नव्हे.

ज्यांचे हात पिढ्यान् पिढ्या या कामात आहेत, त्यांनाही दारू क्षमा करीत नाही. २०१५ च्या मे महिन्यात कवठे एकंद येथेच फटाक्यांच्या कारखान्यात स्फोट होऊन अनेक कामगार दगावले. परवान्याशिवाय दारू बनवणे हा १८८४ च्या स्फोटक पदार्थ कायद्याखाली गुन्हा आहे, हेही ध्यानात असू द्या. दारूचे प्रमाण विचारणारी मुले दरवर्षी माझ्याकडे येतात. मी सांगत नाही. त्याऐवजी त्यांना मैदानावर नेतो.

मैदानावर आम्ही पाण्याचा बाण उडवतो. थंड पेयाची प्लास्टिकची बाटली घ्यावी (ती दाब सोसण्यासाठीच बनवलेली असते, काचेची बाटली मुळीच नको). तिच्यात थोडे पाणी घालून रबरी बूच घट्ट बसवावे. बुचातून सायकलच्या पंपाची सुई आत गेलेली असावी. बाटली उलटी उभी करून लांब नळीच्या पंपाने दुरून हवा भरावी. शिक्षक जवळ हवेत, आणि बाटलीवर कोणी वाकू नये. बूच निसटले की बाटली सुटते आणि पंप मारणारा नखशिखांत भिजतो.

आतला दाब बाहेरच्यापेक्षा दोन वातावरणांनी जास्त असेल, तर पाणी सेकंदाला सुमारे २० मीटर वेगाने बाहेर पडते. पाव लिटर पाणी याच वेगाने गेले असे धरले, तरी बाणाला मिळणारा संवेग ०.२५ गुणिले २०, म्हणजे ५ एकक. १० ग्रॅम दारूचा ०.०१ गुणिले ७००, म्हणजे ७ एकक. पंचवीसपट वजनाचे पाणी दारूच्या चिमटीपुढे हरले! बाहेर पडणाऱ्या पदार्थाचा वेग किती महत्त्वाचा असतो, ते यावरून दिसते.

उंची मोजायला कोनमापकाला दोरा व वजन बांधून एक साधन करा. उड्डाणाच्या जागेपासून १५ मीटरांवर उभे राहा. बाण सर्वांत वर असताना कोन ४५ अंश आला, तर उंची १५ मीटर, अधिक तुमच्या डोळ्यांची उंची. आमच्या अकरावीच्या मुलांनी बाटलीतले पाणी दर वेळी थोडे वाढवून असा आलेख काढला. कोरडी बाटली जेमतेम उडाली. तिसरा हिस्सा पाणी असताना ती सर्वांत उंच गेली. पाऊण बाटली भरली, तेव्हा हवेला जागाच उरली नाही. बाण जडपणे उठला, पोटातले पाणी अर्धवट तसेच घेऊन कलंडला आणि आलेख काढणाऱ्याच्या वहीवर पडला.