दहा मिनिटं, चौदा स्लाइड्स आणि आजी

मंडे मॉर्निंगचं प्रेझेंटेशन म्हटलं की आमच्या टीममध्ये भल्याभल्यांचे चेहरे पडतात. मी मात्र एकदम कूल! कारण माझी खरी परीक्षा २०१८ मध्येच झालीय. तेव्हा मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. चिमूरहून पहाटेची एसटी पकडली आणि नागपूरच्या एका परिषदेत पेपर वाचायला गेले. नवा कुर्ता, पर्समध्ये पेन ड्राइव्ह आणि पोटात गोळा. समोर बहुतेक सगळे पीएच.डी.वाले!

विषय घरचाच होता, चिमूरचा १९४२ चा लढा. १६ ऑगस्ट, नागपंचमी. गोळीबारात बालाजी रायपूरकर शहीद झाले, चिडलेल्या जमावाच्या हातून चार सरकारी माणसं मारली गेली. मग गावात लष्कर आलं. बायकांवर अत्याचार झाले. चौकशी व्हावी म्हणून प्रा. भन्साळींनी ६३ दिवस उपोषण केलं, ते १२ जानेवारी १९४३ ला सुटलं. सगळं तोंडपाठ. चौदा स्लाइड्स नऊ मिनिटांत खलास!

टाळ्या पडल्या. मग मागच्या रांगेतून एका मॅडमनी विचारलं, "पुरुषांची नावं सांगितलीस, तारखा सांगितल्यास. बायकांसाठी एकच ओळ? गावात कुणाशी बोललीस का गं?"

मी गप्प. माझी आजी तेव्हा दहा वर्षांची होती, चिमुरातच. मी लायब्ररीत तीन महिने काढले आणि तिच्याजवळ एक दुपारही नाही!

घरी परतले तेव्हा आजी अंगणात लाखोळीची डाळ निवडत होती. विचारलं. बराच वेळ सुपातले खडेच वेचत राहिली. मग म्हणाली, "चार दिवस आमच्या घराचं दार उघडलं नाई. मायनं आमाले धान्याच्या कोठीमागं बसवलं होतं. पुढचं नोको इचारू, पोरी."

"एवढं लिहू का?"

"लिव्ह. पण नाव नोको टाकू माह्यं."

पुढच्या वर्षी तोच पेपर पुन्हा वाचला, पण स्लाइड्स फक्त सहा. त्यात आजीची ती दोन वाक्यं होती, नावाशिवाय. आणि तिने जिथे थांबायला सांगितलं, तिथे मीही थांबले. सरकारने चौकशी नाकारली, उपोषणाच्या बातम्या छापायला बंदी घातली. मग बायकांचं म्हणणं कागदावर येणार तरी कुठून? हे मी तेव्हा पहिल्यांदा स्वतः मांडलं. त्याआधीचं सगळं पाठांतर होतं.

बक्षीस वगैरे काही मिळालं नाही हं! आजी २०२१ मध्ये गेली. तिची ती दोन वाक्यं मात्र माझ्याकडे आहेत.

आता ऑफिसात कुणी 'कस्टमरला हेच हवंय' अशी स्लाइड दाखवली, की मी हळूच विचारते, "विचारलंय का कुणी त्यांना?" बॉस वैतागतो. वैतागू दे! तुमच्या घरात कुणी ऐंशी-नव्वदीचं असेल, तर या वीकएंडला मॉल कॅन्सल करा. त्यांच्याजवळ जाऊन बसा. ते जिथे थांबतील, तिथे तुम्हीही थांबा.