जुन्या मोटारीची पेट्रोल टाकी : गंज वेळीच ओळखा, गळती टाळा

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात जुन्या मोटारी अजूनही दिसतात. कोठे वडिलांच्या वेळची अँबेसेडर, कोठे प्रीमियर पद्मिनी, तर कोठे पेट्रोलवर चालणारी जुनी महिंद्रा जीप. कोणी शौक म्हणून ठेवतो, कोणी वडिलांची आठवण म्हणून. या गाड्यांचा जमाना मात्र संपला आहे. पद्मिनीचे उत्पादन २००० सालच्या सुमारास थांबले. अँबेसेडर २०१४ साली बंद झाली. मुंबईच्या रस्त्यावरील शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. तेव्हा कारखान्यातून नवीन टाकी येईल या आशेवर राहण्यात अर्थ नाही. जी टाकी आहे तीच सांभाळली पाहिजे.

गाडीमालक रंगावर, सीटवर, इंजिनावर पैसा लावतात. टाकी दिसत नाही, म्हणून तिच्याकडे लक्ष जात नाही. गाडी झटके देऊ लागली की दोष कार्बोरेटरला दिला जातो. कार्बोरेटर दहा वेळा साफ होतो आणि दहा वेळा पुन्हा चोंदतो. मूळ रोग मागे टाकीत असतो.

गंज येतो कोठून?

पेट्रोलने लोखंड गंजत नाही, पाण्याने गंजते. अर्धी रिकामी टाकी श्वास घेते. दिवसा तापली की आतली हवा बाहेर जाते, रात्री थंड झाली की बाहेरची ओलसर हवा आत येते आणि पत्र्यावर दव धरते. पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्याने ते थेंब तळाशी जाऊन बसतात. म्हणूनच टाकी बहुधा तळाच्या शिवणीत सडते. वरचा पत्रा पेट्रोलमध्ये बुडालेला नसल्याने तोही तांबडा होतो. पावसाळ्यात चार महिने अर्ध्या टाकीने उभी राहिलेली गाडी रोज चालणाऱ्या गाडीपेक्षा लवकर खराब होते, याचे कारण हेच.

बाहेरून वेगळी मार बसते. आपली काळी माती एकदा पट्ट्याखाली किंवा कोपऱ्यात चिकटली की ओल धरून ठेवते. टाकीच्या पट्ट्याखाली फेल्ट किंवा रबर असते, तेही ओले राहते. कापडाच्या व्यापाऱ्याला हे समजावून सांगायला नको. पावसाळ्यानंतर गठ्ठा तपासताना आपण वरचे ठाण पाहून समाधान मानत नाही, जमिनीला टेकलेले ठाण आधी पाहतो. टाकीलाही हाच नियम लावावा.

पेट्रोल बदलले आहे

पूर्वीचे पेट्रोल आणि आजचे पेट्रोल यांत फरक आहे. फेब्रुवारी २०२३ पासून काही निवडक पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळू लागले आणि २०२५ साली देशभरातील मिश्रण २० टक्क्यांवर पोहोचले. उसाच्या आणि धान्याच्या शेतकऱ्याला याचा लाभ आहे. पण पन्नास वर्षांपूर्वीची गाडी या पेट्रोलसाठी बनलेली नव्हती.

इथेनॉल पाणी ओढून घेते. थोडे पाणी पेट्रोलमध्येच मिसळून जाते आणि जळून जाते. पण मर्यादेबाहेर झाले की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन तळाशी वेगळा थर बसतो. हा थर लोखंडाला साध्या पाण्यापेक्षाही वाईट. शिवाय इथेनॉल जुना चिकटा आणि गंज सोडवून पुढे ढकलते, त्यामुळे फिल्टर भराभर भरतात. जुने रबरी पाइप आणि बुचाची पॅकिंगही ते नरम करते किंवा फुगवते. बऱ्याच जुन्या टाक्यांना आतून शिसे-कथिलाचा मुलामा असे. त्यालाही इथेनॉल मानवत नाही.

सोप्या सवयी

पहिली : महिना-दोन महिने गाडी उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा, म्हणजे ओलसर हवेला जागा राहत नाही. त्याहून जास्त काळ उभी राहणार असेल तर पेट्रोल पूर्ण काढून टाकी सुकवा आणि आत पातळ तेलाचा हात फिरवा.

दुसरी : झाकणाची पॅकिंग बदला, पण झाकणात हवेचे बारीक छिद्र असेल तर ते बुजवू नका. छिद्र बंद झाले की आत हवा ओढली जात नाही आणि पेट्रोल पुढे सरकत नाही.

तिसरी : टाकीला खाली नट असेल तर पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर थोडे पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून पाहा. तळाशी थर किंवा तपकिरी भुकटी दिसली की दुखणे सुरू झाले असे समजा. पाइपात पारदर्शक फिल्टर बसवल्यास रोज तपासणी आपोआप होते.

चौथी : रबरी पाइप इथेनॉलला टिकणारे आहेत असे दुकानदाराला विचारूनच घ्या.

आतून सफाई

गंज दिसला तर टाकी उतरवावी. आधी बॅटरीचा वायर काढा. पेट्रोल मोकळ्या जागेत धातूच्या डब्यात काढा. विडी, सिगारेट, स्टोव्ह, चालू दिवा जवळ नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि जमिनीवरून सरकत दूरच्या ठिणगीपर्यंत पोहोचते.

काट्याचा फ्लोट बाहेर काढून टाकी धुण्याच्या सोड्याने धुवा. सुटा गंज पाडण्यासाठी आत लोखंडी साखळी टाकून हलवतात. सुटे नट टाकल्यास मोजून टाका आणि मोजून काढा. साखळी बरी, टोक धरून ओढली की बाहेर येते. मग २० लिटर पाण्यात १ किलो लिंबूसत विरघळवून टाकी काठोकाठ भरा आणि एक दिवस ठेवा. गंज सुटतो. संडास धुण्याचे तेजाब मात्र वापरू नका. ते गंजाबरोबर चांगला पत्राही खाते आणि धुतल्यावर तासाभरात पुन्हा तांबडा रंग चढतो.

शेवटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने आंबटपणा मारा आणि स्वच्छ पाण्याने धुवा. येथे आपल्या भागातील कारीगरांसाठी खास गोष्ट आहे. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा या बाजूचा बराच मुलूख खारपाण पट्ट्यात येतो. बोअरच्या खाऱ्या पाण्याने धुतलेली टाकी सुकता सुकता गंजते, कारण मीठ गंजाला हात देते. शेवटचे धुणे पावसाच्या साठवलेल्या किंवा गोड पाण्यानेच करा. नंतर हवा मारून लगेच सुकवा आणि तेल फिरवा.

गळती आणि वेल्डिंग

रस्त्यात टाकी ठिबकू लागली तर जागा पुसून साबणाची कोरडी वडी दाबून घासा. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही, त्यामुळे गावापर्यंत पोहोचता येते. हा इलाज तेवढ्यापुरताच आहे.

बारीक छिद्र झाळून बंद होते. टाकी पूर्ण धुऊन झाल्यावर, दूर तापवलेल्या तांब्याच्या कैयाने झाळावे, टाकीवर ज्योत मारू नये. झाळताना लावलेला नवसागर किंवा तेजाब धुऊन काढावे, नाहीतर तेथेच नवे छिद्र पडते. पण पत्रा चाळणीसारखा झाला असेल तर ठिगळाचा उपयोग नाही. कुजलेल्या कापडावर रफू टिकत नाही, टाका ओढला की शेजारी फाटते. अशा वेळी जुनी टाकी नमुना धरून नव्या पत्र्याची बनवून घेणेच स्वस्त पडते. आतून लावायचा लेप घ्यायचा असेल तर गंज पूर्ण निघालेला हवा आणि लेप इथेनॉलला टिकणारा हवा. जुन्या जातीचे काही लेप इथेनॉलमध्ये सुटून पाइपात अडकतात.

आता सर्वांत महत्त्वाचे. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोकादायक असते. हवेत पेट्रोलची वाफ साधारण दीड ते साडेसात टक्के असली की ठिणगीने स्फोट होतो, आणि रिकाम्या टाकीत नेमके तेच प्रमाण सहज जमते. वास येत नाही म्हणजे वाफ नाही, असे नाही. शिवणीतील गंजाच्या पापुद्र्यात पेट्रोल दडून राहते आणि उष्णता लागताच बाहेर येते. "पाच मिनिटांचे काम आहे, तेवढा टाका मारून द्या," असे म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला आपल्या वेल्डर भावांनी साफ नकार द्यावा. टाकी सोड्याने व गरम पाण्याने अनेकदा धुतलेली, सर्व तोंडे उघडी आणि दुरुस्तीच्या जागेपर्यंत पाण्याने भरलेली असल्याशिवाय तिला आग दाखवू नये. तेही या कामाचा अनुभव असलेल्या उस्तादानेच करावे. शिकाऊ मुलाला या कामाजवळ उभेसुद्धा करू नये.

हुनराला भाव आहे

२०२१ च्या केंद्रीय नियमानुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या खासगी गाड्यांची व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी होते. अशा गाडीचा मालक मूळ टाकी जपणारा कारीगर शोधत फिरतो. रेडिएटर झाळणारे, डेंटर आणि पत्र्याचे काम करणारे आपले भाऊ हे काम उत्तम करू शकतात. टाकी उघडल्यावर आतला गंज गिऱ्हाइकाला दाखवा, धुण्याची आणि सुकवण्याची मजुरी वेगळी सांगा, काम झाल्यावर एक रात्र पेट्रोल भरून ठेवून शिवणी कोरड्या आहेत हे त्याच्या डोळ्यांदेखत दाखवा. गिऱ्हाइकानेही घाई करू नये आणि धुण्याच्या मजुरीवरून घासाघीस करू नये. तो पैसा कारीगराच्या जिवाच्या हिफाजतीचा आहे.