घरच्या पडद्यावरील स्वदेशी चित्रपट



चित्रपटगृह आणि दूरचित्रवाणी ह्यांचें नातें सवतींचें आहे, असें पुष्कळ दिवस मानलें जात होतें. बसल्या जागीं करमणूक होऊं लागल्यावर तिकिटाच्या रांगेंत कोण उभें राहणार, ही चित्रपटगृहवाल्यांची भीति अगदींच निराधार नव्हती. परंतु ब्रिटनमध्यें एका सवतीनेंच दुसरीचा संसार सांवरला. तो कसा, हें पाहण्यासारखें आहे.

२ नोव्हेंबर १९८२ रोजीं तेथें 'चॅनल फोर' ही चौथी वाहिनी सुरू झाली. पहिल्याच रात्रीं स्टीफन फ्रिअर्स ह्यांचा 'वॉल्टर' हा चित्रपट दाखविण्यांत आला आणि 'फिल्म ऑन फोर' ह्या मालेस आरंभ झाला. माला म्हणजे तयार चित्रपट आणून दाखविणें, असा आपला समज असतो. येथें डेव्हिड रोझ हे अधिकारी चित्रपट निघण्यापूर्वींच देशांतील लेखक-दिग्दर्शकांस वाहिनीतर्फे भांडवलाचा वाटा देत. पीक बाजारांत आल्यावर गिऱ्हाईक होणें निराळें आणि पेरणीच्या वेळीं बियाण्यास पैसे देणें निराळें.

हें धाडस परवडलें कसें? नवे प्रयोग करावे, अशी कायद्याचीच आज्ञा होती. शिवाय आरंभींच्या काळांत ह्या वाहिनीवरील जाहिराती आय. टी. व्ही.च्या कंपन्या विकीत व तिला वर्गणी देत. त्यामुळें आज चित्रपट किती जणांनीं पाहिला, ह्यावर उद्यांची चूल पेटणें अवलंबून नव्हतें.

ह्याचें फळ पाहा. लंडनमधील एक पाकिस्तानी वंशाचा तरुण कपडे धुण्याचें दुकान चालवितो, ही हनीफ कुरेशी ह्यांची कथा कोणत्या धनिकानें पत्करली असती? 'माय ब्यूटिफुल लाँड्रेट' हा १९८५ सालचा चित्रपट घरच्या पडद्यासाठीं १६ मिलिमीटरच्या फितीवर काढलेला. पण एडिंबरोच्या महोत्सवांत तो वाखाणला गेला आणि चित्रपटगृहांत पोंचला. मुंबईच्या रस्त्यांवरील मुलांचें जिणें दाखविणाऱ्या मीरा नायर ह्यांच्या 'सलाम बॉम्बे!' (१९८८) ह्या चित्रपटासही आपल्या दूरदर्शनाबरोबर ह्याच वाहिनीचें साह्य लाभलें होतें.

पुढें १९९८ सालीं चित्रपटांसाठीं 'फिल्मफोर' ही स्वतंत्र कंपनी उभारण्यांत आली. मोठ्या खर्चाच्या चित्रपटांचा मोह तिला मानवला नाहीं. २००२ सालीं तो पसारा आवरून हें काम पुन्हां वाहिनीच्या पदराखालीं घ्यावें लागलें.

स्वदेशी चित्रपटांचें कौतुक पारितोषिक मिळाल्यावर सर्वच करतात. आपल्या शेजारच्या, आपल्याच बोलींतल्या माणसांच्या कथा पडद्यावर याव्या, अशी खरोखर इच्छा असेल, तर कथा कागदावर असतांनाच तिच्यासाठीं थोडा पैसा कोणीतरी बाजूस काढून ठेवला पाहिजे, आणि तो बुडाला तरी पुढल्या वर्षीं पुन्हां ठेवला पाहिजे.