हंगाम सरला, हिशेब राहिला

एप्रिलचा शेवटचा आठवडा उजाडला, की मराठवाड्यातला क्रिकेटचा हंगाम कोणाच्याही घोषणेवाचून संपतो. सकाळी सातला सुरू केलेला सामना अकराच्या आत आटोपता घ्यावा लागतो. पुढे ऊन खेळू देत नाही आणि पाहणाऱ्याला उभेही राहू देत नाही. जालन्यात पारा चाळिशी ओलांडून गेलेला असतो, काळ्या मातीला भेगा पडलेल्या असतात आणि जिथे हिरवळीची खेळपट्टी नाही तिथे काथ्याच्या चटईचे खिळे तापून हाताला चटका देतात. शिक्षकांच्या घरी उत्तरपत्रिकांचे गठ्ठे येऊन पडलेले असतात. कचेरीतला कारकून मार्चअखेरच्या धावपळीतून नुकता मोकळा झालेला असतो, पण त्याच्या सकाळी आता लग्नसराईने व्यापलेल्या असतात. झाडाखाली बाकावर बसून जिल्ह्याच्या मुलांचा खेळ पाहणारी जी पाचपन्नास माणसे असतात, तीही मग एकेक करून येईनाशी होतात.

ज्या आठवड्यांत हे मैदान ओस पडते, नेमक्या त्याच आठवड्यांत रात्री घरोघरी दूरचित्रवाणीसमोर क्रिकेटचा पूर लोटलेला असतो. आयपीएलच्या संघांची धावगती, गुणतक्त्यातले त्यांचे स्थान, कोणत्या खेळाडूला किती कोटी मिळाले, हे जालन्याच्या कोणत्याही चहाच्या टपरीवर तोंडपाठ सांगणारे भेटतात. परंतु जिल्ह्याच्या संघाने यंदा किती सामने जिंकले, सर्वाधिक बळी कोणी घेतले, सोळा वर्षांखालील संघातून राज्याच्या निवड चाचणीला कोण गेले, असे त्याच टपरीवर विचारले तर बहुधा मौन पदरी पडते. यात टपरीवरल्या माणसांचा दोष फार थोडा आहे. जे त्यांना कोणी सांगितलेच नाही, ते त्यांनी लक्षात तरी कसे ठेवावे?

इंग्लंडमध्ये कौंटी अजिंक्यपद स्पर्धा १८९० पासून अधिकृतपणे खेळली जाते. आज तिच्यात अठरा कौंट्या आहेत. कौंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा. सप्टेंबर महिन्यात तिथला हंगाम संपतो. दिवस लहान होत जातात, हवेत गारवा येतो, आणि तरीही शेवटच्या सामन्याला वृद्ध सभासद अंगावर कोट चढवून, डबा आणि चहाचा थर्मास घेऊन येऊन बसतात. सामन्यावर काही अवलंबून असो वा नसो. पुढचे सहा महिने हे दृश्य दिसणार नाही, एवढे कारण त्यांना पुरते. यॉर्कशायर कौंटीने तर आपल्या सीमेत जन्मलेल्यालाच खेळवायचे, हा दंडक १९९२ पर्यंत जवळजवळ शतकभर पाळला. हा हट्ट शहाणपणाचा होता असे मुळीच नाही. त्यापायी त्या कौंटीने हातची बक्षिसे घालवली, असे म्हणणारे तिथेही होते. पण आपल्या मातीतला मुलगा आणि आपला संघ यांचे नाते तिथे किती घट्ट होते, हे त्यावरून कळते. १८६४ पासून दरसाल निघणारी ‘विस्डेन’ ही वार्षिकी अशा अगणित सामन्यांचे हिशेब जपून ठेवते. एखाद्या निरुपद्रवी सामन्यात नवव्या क्रमांकावर येऊन बारा धावा काढणारा खेळाडू तिथे शंभर वर्षांनंतरही सापडतो.

आपल्याकडे जिल्हा हा क्रिकेटमधील मुक्काम मानला जात नाही, पायरी मानली जाते. ती ओलांडून पुण्याला जायचे, तिथून जमल्यास मुंबईला, आणि दैव बलवत्तर असेल तर देशाच्या संघात. पायरीवर थांबून पाहण्यासारखे काही असते, हे कोणाच्या मनात येत नाही.

आणि तरीही याच पायरीवरून विजय झोल गेला. डिसेंबर २०११ मध्ये कूचबिहार करंडकाच्या सामन्यात जालन्याच्या या डावखुऱ्या फलंदाजाने महाराष्ट्राच्या एकोणीस वर्षांखालील संघाकडून आसामविरुद्ध ४६७ चेंडूंत नाबाद ४५१ धावा काढल्या. त्याला तेव्हा सतरावे वर्ष नुकते पूर्ण झाले होते. हा आकडा ऐकताच जाणत्यांना दुसरे दोन आकडे आठवले असतील. १९३० च्या जानेवारीत सिडनीला ब्रॅडमन यांनी काढलेल्या नाबाद ४५२ धावा, हा त्यांतला पहिला. दुसरा महाराष्ट्राच्या भाऊसाहेब निंबाळकरांचा. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात काठियावाडविरुद्ध ते ४४३ वर नाबाद असताना पाहुण्या संघाने पुढे खेळण्यास नकार दिला आणि सामना सोडला. ब्रॅडमन यांचा विक्रम अवघ्या नऊ धावा दूर राहिला. निंबाळकर पुढे कधी कसोटी खेळले नाहीत. २०१२ च्या डिसेंबरात कोल्हापूरला त्यांचे निधन झाले, तोवर लोक त्यांना त्या नऊ धावांबद्दलच विचारीत राहिले. कुमारांचा सामना आणि रणजी करंडकाचा सामना यांची तुलना होऊ शकत नाही, हे खरेच. पण जालन्याच्या मुलाची खेळी ब्रॅडमनच्या आकड्यापासून एका धावेवर थांबावी, ही गोष्ट एखाद्या कौंटीत घडली असती तर तिथल्या मैदानाच्या भिंतीवर ती रंगवून ठेवली असती.

निंबाळकर पुण्यात खेळत होते त्या डिसेंबरात जालना भारतात येऊन जेमतेम तीन महिने झाले होते. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. रेल्वेचा रूळ मनमाडहून निघून जालन्यावरून सिकंदराबादला जात असे आणि इथल्या माणसाची नजरही शिक्षणासाठी, नोकरीसाठी त्याच रुळावरून हैदराबादकडे वळलेली असे. मोइनुद्दौला सुवर्णचषकासारखी नामांकित स्पर्धा हैदराबादचीच. पुढे १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला आणि १ मे १९८१ रोजी जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला. क्रिकेटच्या नकाशाने मात्र राज्याच्या नकाशाचे अनुकरण केले नाही. एकाच महाराष्ट्रात मुंबई वेगळी, विदर्भ वेगळा आणि उरलेल्याला ‘महाराष्ट्र’ हे नाव! त्यामुळे जालन्याचा मुलगा पुण्याच्या संघटनेकडे पाहतो, तर तीसेक किलोमीटरवरच्या देऊळगाव राजाचा, म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातला मुलगा नागपूरकडे. दोघांच्या शेतात कापूस तोच, दोघांची बाजारपेठ जालनाच. पण एकाचा संघ रणजी करंडक १९४०-४१ नंतर जिंकू शकलेला नाही, आणि दुसऱ्याच्या संघाने तो २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ असा आठ हंगामांत तीनदा नेला.

महाराष्ट्राला ही संधी २०१३-१४ च्या हंगामात अगदी जवळून दिसली होती. त्या जानेवारीचा हिशेब जालनेकरांनी तरी मांडायला हवा. महिन्याच्या आरंभी शारजाला एकोणीस वर्षांखालील आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानविरुद्ध भारताचा कर्णधार होता विजय झोल, आणि त्याने शतक काढून चषक जिंकला. त्यानंतर काही दिवसांतच तो वानखेडे मैदानावर उभा होता. रणजीच्या उपान्त्यपूर्व सामन्यात, चाळीस वेळा विजेत्या ठरलेल्या मुंबईविरुद्ध, चौथ्या डावात महाराष्ट्राला अडीचशेच्या वर धावा हव्या होत्या. केदार जाधवने नाबाद १२० आणि झोलने नाबाद ९१ धावा काढून त्या पुऱ्या केल्या. मुंबईला तिच्याच अंगणात हरवणाऱ्या या जोडीत एक जण जालन्याचा होता. अंतिम सामना महाराष्ट्र कर्नाटकाकडून हरला, तो हैदराबादेत. फेब्रुवारीत अमिरातीतील युवा विश्वचषकात झोलच्या नेतृत्वाखालचा संघ इंग्लंडकडून उपान्त्यपूर्व फेरीत बाद झाला. भारताच्या ज्येष्ठ संघापर्यंत तो पोहोचला नाही. त्याच्या हाताखाली खेळलेले संजू सॅमसन, श्रेयस अय्यर आणि कुलदीप यादव पोहोचले.

इथे एक सवय आड येते. जो वर पोहोचला नाही त्याची गोष्ट अपयशाची, असे मानण्याची ही सवय आहे. तिच्यामुळेच जिल्ह्याच्या क्रिकेटला प्रेक्षक मिळत नाही. छत्रपती संभाजीनगर तेव्हा औरंगाबाद होते. तिथल्या इक्बाल सिद्दीकी या वेगवान गोलंदाजाला डिसेंबर २००१ मध्ये मोहालीला इंग्लंडविरुद्ध एकच कसोटी मिळाली. दुसऱ्या डावात विजयाला जेमतेम पाच धावा हव्या होत्या, तेव्हा त्याला सलामीला पाठवण्यात आले आणि विजयी धाव त्याने काढली. मराठवाड्याच्या वाट्याला आलेला हा क्षण लहान असेल, पण तो निर्भेळ आनंदाचा आहे. बीडमध्ये जन्मलेले संजय बांगर रेल्वेकडून खेळून भारतीय संघात आले आणि २००२ मध्ये हेडिंग्लेच्या ढगाळ हवेत सलामीला येऊन त्यांनी ६८ धावा काढल्या. पुढे द्रविड, तेंडुलकर आणि गांगुली यांनी शतके केली म्हणून त्या धावा झाकल्या गेल्या, पण त्या नसत्या तर शतकांना पाया नव्हता. तुळजापूरचा राजवर्धन हंगर्गेकर २०२२ च्या युवा विश्वविजेत्या संघात होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये बेनोनीला दक्षिण आफ्रिकेविरुद्धच्या उपान्त्य सामन्यात भारताचे चार गडी ३२ धावांत गेले असताना बीडच्या सचिन धसने ९६ धावांची खेळी केली. दर दोनचार वर्षांनी या कोरड्या पट्ट्यातून कोणी ना कोणी निघतोच आहे. हे सारे कोठून येतात, हे पाहायला त्यांच्या आधीच्या वर्षी कोण गेले होते, हा प्रश्न आहे.

कोरडा पट्टा हा शब्दप्रयोग केवळ अलंकारिक नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्हा सर्वाधिक होरपळलेल्यांपैकी होता. मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळल्या. जिथे पिण्याचे पाणी टँकरने येते, तिथे हिरवळीच्या खेळपट्टीवर पाणी मारा असे कोणत्या तोंडाने म्हणावे? २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवण्याचा आदेश दिला. पुण्याच्या एका सामन्याला तेवढी सवलत मिळाली. त्या निकालावर बरीच चर्चा झाली. सामने हलवून पाणी थोडेच मराठवाड्यात येणार आहे, असे कुत्सितपणे विचारले गेले. हिशेबाने ते बरोबरच होते. पण ज्या मुलांचे मैदान दर उन्हाळ्यात पाण्यावाचून आपोआप बंद होते, त्यांच्यासाठी हा आदेश नवा नव्हता. निसर्ग तो त्यांना दरसाल बजावीतच असतो. चांगली खेळपट्टी राखायला पाणी, माळी आणि रोलर लागतो. तो खर्च ज्या मैदानाला झेपत नाही तिथे चटई येते, आणि चटईवर वाढलेल्या फलंदाजाला पुण्याच्या निवड चाचणीत चेंडूची उसळी अनोळखी वाटते. सुमारे तीनशे किलोमीटरचा रात्रीचा प्रवास करून गेलेला मुलगा अशा चाचणीत किती चेंडू खेळतो, हे त्याच्या पालकांना विचारावे.

हंगामाचा शेवटही आता पूर्वीचा उरलेला नाही. २०२३ पासून महाराष्ट्राच्या संघटनेने स्वतःची प्रीमियर लीग सुरू केली आणि पहिल्या वर्षी ती जूनमध्ये गहुंजेला, दिव्यांच्या झोतात खेळली गेली. सहा संघांत मराठवाड्याच्या वाट्याला संभाजीनगरच्या नावाचा एक संघ आला. काही मुलांना त्यातून पैसा आणि ओळख मिळाली, याचा आनंद मानावा. तथापि दूरचित्रवाणीवर दिसणारा वीस षटकांचा संघ आणि अंबड, परतूर, भोकरदनहून सकाळच्या एस. टी. ने खांद्यावर पिशवी टाकून येणारी मुले यांच्यामधले अंतर एका स्पर्धेने भरून येणारे नाही.

गुणलेखकाची वही हा या साऱ्यातला सर्वांत दुर्लक्षित भाग. रेघा आखलेली लांबोडकी पुस्तिका, दोन रंगांची शाई, प्रत्येक चेंडूला एक ठिपका. मैदानाच्या कडेला टेबल टाकून बसणारा हा माणूस बहुधा शाळेतला शिक्षक किंवा कचेरीतला लिपिक असतो. धावांची बेरीज दोन्ही बाजूंनी जुळली नाही तर त्याला जेवण गोड लागत नाही. आता भ्रमणध्वनीवर धावा नोंदवण्याच्या सोयी आल्या आहेत आणि गल्लीतला सामनाही त्यावर चढतो. त्यामुळे नोंद राहते, हे मान्य. परंतु ती ज्याची त्याच्यापुरती राहते. गावाला ती ठाऊक होत नाही. पूर्वी जिल्हा दैनिकाच्या आतल्या पानावर चार ओळींचा संक्षिप्त धावफलक येई, तो दहावीतल्या मुलाच्या आईने कापून ट्रंकेत ठेवलेला असे. शाळेच्या फळ्यावर मुख्याध्यापक ते नाव लिहीत. एवढ्याशा गोष्टीला फार खर्च येत नाही. एक जुनी वही शाळेच्या कपाटात ठेवणे, हंगामअखेर जिल्ह्याच्या सर्व सामन्यांचे आकडे एका पानावर छापणे, एखाद्या ग्रंथालयाने ते पान बांधून ठेवणे, एवढ्यापासून आरंभ होऊ शकतो. वार्षिकी काढायला लॉर्ड्स लागत नाही.

मे उजाडेल तेव्हा मुले चटईची वळकटी करून तिच्यावर जुने पोते टाकतील आणि ती कोणाच्या तरी गुदामात उभी करून ठेवतील. यष्ट्या, फुटके ग्लोव्हज आणि चेंडूंचा डबा एका घरी, वही दुसऱ्या घरी. रोहिणीचा पाऊस पडला की मैदानात गुडघाभर गवत होईल आणि गुरे चरतील. ऑक्टोबरात गवत कापायला पुन्हा तीच पाचसात मुले येतील. मागच्या वर्षी शेवटच्या सामन्यात कोण नाबाद राहिला होता, यावरून त्यांच्यात वाद होईल, आणि कोणीतरी ती वही आणायला सायकलवरून घरी जाईल.