मायक्रोवेव्ह आणि डोळ्यातलं भिंग

डोळ्यातल्या भिंगात एकही रक्तवाहिनी नसते. इतर अवयवांतली उष्णता वाहतं रक्त काढून नेतं, भिंगाला ती सोय नाही. तीव्र मायक्रोवेव्ह लहरींनी ते फार तापलं, तर त्यातली प्रथिनं गढुळतात, अंड्याचा पारदर्शक भाग शिजल्यावर पांढरा होतो तशी. सशांवरच्या प्रयोगांत असा मोतीबिंदू झालाही, पण त्यासाठी दर चौरस सेंटीमीटरला १०० मिलिवॅटच्या पुढची तीव्रता लागली. घरच्या २,४५० मेगाहर्ट्झच्या ओव्हनला गळतीची मर्यादा आहे दर चौरस सेंटीमीटरला ५ मिलिवॅट, तीही ५ सेंटीमीटरवर. हातभर मागे सरलात की ती झपाट्यानं घटते. दार नीट लागत नसेल किंवा बिजागरी वाकली असेल, तर मात्र दुरुस्तीपर्यंत तो ओव्हन बंदच ठेवा.

रायपूरकरांनी ओव्हनपेक्षा जास्त जपावं ते उन्हापासून. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांना भिडतो. सूर्याची अतिनील किरणं, मधुमेह, धूम्रपान आणि डॉक्टरांना न विचारता वर्षानुवर्षं घातलेले स्टेरॉइडचे थेंब भिंगाचं कितीतरी अधिक नुकसान करतात. धूसर दिसू लागलं, तर मेकाहारा रुग्णालयाच्या किंवा एम्सच्या नेत्रविभागात लगेच दाखवा.